निसर्गाचा अर्धा तास : वर्धा योजना आणि सात ते चौदा वर्षांची मुले

१/ सेवाग्रामच्या आश्रमात एक लाकडी चिमटा आणि एक पिंजरा जपून ठेवलेला आहे. साप निघाला तर त्याला काठीने ठेचायचे नाही. चिमट्याने धरायचे, पिंजऱ्यात घालायचे आणि वस्तीपासून दूर नेऊन सोडायचे, असा तेथील नियम होता. आज पर्यटक त्या पिंजऱ्याचे छायाचित्र काढतात आणि पुढे जातात. आपण मात्र या धाग्यात तेथेच थोडे थांबू.

२/ कारण ज्या गावात हा पिंजरा वापरला जात होता, त्याच गावात मुलांच्या शिक्षणाचा एक मोठा प्रयोग उभा राहिला. सापाला ओळखणे, पिकाला ओळखणे, रात्रीच्या आकाशात दिशा शोधणे या गोष्टी शाळेच्या वेळापत्रकात बसवण्याचा तो प्रयत्न होता. आज शाळांमध्ये ‘निसर्गमंडळ’ किंवा ‘इको क्लब’ असतो. त्याची एक विस्मृतीत गेलेली पूर्वपीठिका वर्ध्यात सापडते.

३/ प्रथम थोडे जगाकडे पाहू. शाळकरी मुलांची निसर्गमंडळे ही कल्पना एकोणिसाव्या शतकातली. १८७५ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात हार्लन बॅलार्ड या शिक्षकाने ‘अगासिझ असोसिएशन’ स्थापन केली. लुई अगासिझ या निसर्गशास्त्रज्ञाचे नाव घेतलेल्या या संस्थेच्या शाखा गावोगावी निघाल्या. मुलांनी दगड, पाने, कीटक गोळा करावेत, नोंदी ठेवाव्यात आणि एकमेकांना पत्रे लिहावीत, असे तिचे स्वरूप होते.

४/ पुढची पायरी न्यूयॉर्क राज्यातली. १८९० च्या दशकात शेतीवर मंदीचे सावट आले, तरुण खेडी सोडून शहराकडे निघाले. तेव्हा कॉर्नेल विद्यापीठातील कृषितज्ज्ञ लिबर्टी हाइड बेली यांनी शाळांत निसर्गाभ्यास नेण्याचे काम हाती घेतले आणि मुलांची ‘ज्युनिअर नॅचरलिस्ट’ मंडळे काढली. त्यांच्या सहकारी अ‍ॅना कॉम्स्टॉक यांचा निसर्गाभ्यासाचा मोठा हस्तग्रंथ १९११ मध्ये प्रसिद्ध झाला.

५/ येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मुलांना रानात नेण्याची ही चळवळ केवळ सौंदर्यप्रेमातून जन्मली नाही. खेडे ओस पडत होते, आणि ज्या भूमीवर आपण राहतो तिच्याविषयी मुलाच्या मनात आस्था उरली नाही तर खेडे टिकणार नाही, ही त्यामागची चिंता होती. नेमकी हीच चिंता चार दशकांनी वर्ध्यात वेगळ्या भाषेत मांडली गेली.

६/ भारतात या विचाराचे पहिले मोठे घर म्हणजे शांतिनिकेतन. रवींद्रनाथ ठाकुरांनी १९०१ मध्ये तेथे शाळा काढली. वर्ग झाडाखाली भरत. जगदानंद राय हे विज्ञानशिक्षक मुलांना आकाश दाखवत. ग्रह-नक्षत्रे, कीटक, पक्षी यांवर त्यांनी बंगालीत मुलांना समजतील अशी पुस्तके लिहिली. निसर्ग हा येथे शिक्षकाइतकाच शिकवणारा मानला गेला.

७/ शांतिनिकेतन आणि वर्धा यांना जोडणारा दुवा म्हणजे एक दांपत्य : ई. डब्ल्यू. आर्यनायकम आणि आशादेवी. आर्यनायकम मूळचे श्रीलंकेचे तमिळ, आशादेवी बंगाली. दोघांनीही शांतिनिकेतनात रवींद्रनाथांच्या सहवासात काम केले आणि १९३० च्या दशकात ते वर्ध्याला आले. झाडाखालचा वर्ग त्यांनी पाहिला होता. आता चरख्याच्या गावात त्यांना शाळा चालवायची होती.

८/ गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी वर्ध्याजवळच्या शेगाव या खेड्यात आले. हेच खेडे १९४० मध्ये ‘सेवाग्राम’ झाले. काळी माती, कपाशी, पावसाळ्यात गुडघाभर चिखल, हिवताप, विंचू-साप : असे ते गाव. शिक्षणाविषयीचा गांधीजींचा विचार अशा गावाकडे पाहत पक्का होत गेला.

९/ २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात मारवाडी शिक्षण मंडळाच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली. अध्यक्ष स्वतः गांधीजी. परिषदेने चार ठराव केले : सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेतून शिक्षण, एखाद्या उत्पादक हस्तोद्योगाभोवती गुंफलेले शिक्षण, आणि त्या उद्योगाच्या उत्पन्नातून हळूहळू शिक्षकाचा पगार निघावा ही अपेक्षा.

१०/ अभ्यासक्रम आखण्यासाठी समिती नेमली गेली. अध्यक्ष डॉ. झाकिर हुसेन, निमंत्रक आर्यनायकम. सदस्यांत विनोबा भावे, काकासाहेब कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला, जे. सी. कुमारप्पा, श्रीकृष्णदास जाजू, के. जी. सैयदैन, के. टी. शाह आणि आशादेवी. २ डिसेंबर १९३७ रोजी अहवाल सादर झाला. सात ते चौदा या वयाचा, म्हणजे आजच्या माध्यमिकपूर्व मुलामुलींचा, संपूर्ण आराखडा अवघ्या दीड महिन्यात तयार झाला होता!

११/ या अहवालातले वेळापत्रक पाहण्यासारखे आहे. मूलोद्योगासाठी ३ तास २० मिनिटे. संगीत, चित्रकला आणि गणित मिळून ४० मिनिटे. मातृभाषा ४० मिनिटे. व्यायाम १० मिनिटे, सुट्टी १० मिनिटे. आणि समाजशास्त्र व सामान्य विज्ञान या दोहोंसाठी मिळून ३० मिनिटे. एकूण साडेपाच तास.

१२/ म्हणजे निसर्गाच्या वाट्याला आला तो अर्धा तास, आणि तोही वाटून घ्यायचा! वरवर पाहता हा अन्याय वाटतो. परंतु त्या अर्ध्या तासात काय मांडले होते ते पाहा. सामान्य विज्ञानात निसर्गाभ्यास, वनस्पती, प्राणी, शरीरविज्ञान, आरोग्य, रसायन यांच्याबरोबरच रात्री दिशा आणि वेळ सांगणाऱ्या ताऱ्यांचे ज्ञान आणि थोर शास्त्रज्ञ व संशोधक प्रवाशांच्या कथा यांचाही समावेश होता.

१३/ पहिल्याच इयत्तेत मुलाने परिसरातील मुख्य पिके, झाडे, जनावरे आणि पक्षी नावानिशी ओळखावेत, अशी अपेक्षा होती. सूर्यावरून दिशा ठरवावी. ऋतू पालटला की झाडांत काय बदलते ते पाहावे. पावसाळ्यात कीटक का वाढतात, साप त्या दिवसांत अधिक का दिसतात, याचा विचार करावा. पुस्तकात यातले काहीच मिळणार नव्हते. त्यासाठी उंबरठा ओलांडावा लागणार होता.

१४/ आता त्या चिमट्याकडे आणि पिंजऱ्याकडे पुन्हा पाहा. आश्रमात सापाला न मारण्याचा नियम हा अहिंसेचा आचार होता. अभ्यासक्रमात साप हा निरीक्षणाचा विषय झाला. या दोन गोष्टी एकमेकींना पूरक आहेत. ज्याला आपण ओळखतो त्याला भीतीपोटी मारण्याची घाई आपण करत नाही. वर्ध्याच्या निसर्गाभ्यासाला ही नैतिक बाजू होती आणि तीच त्याला अमेरिकेतील मंडळांपासून वेगळी करते. तेथे नमुने जमवण्यावर भर होता, येथे सोबत राहण्यावर.

१५/ ताऱ्यांचा अभ्यास खेड्यातल्या मुलांच्या अभ्यासक्रमात कसा आला? समितीतील काकासाहेब कालेलकर हे हिमालय पायी तुडवलेले, नद्यांवर भरभरून लिहिणारे आणि आकाशदर्शनाचे वेड असलेले गृहस्थ. मूळचे साताऱ्याचे मराठी, पण लेखन मुख्यतः गुजरातीत. १९३० मध्ये येरवडा तुरुंगात ते गांधीजींबरोबर होते. पुढे १९३२ च्या तुरुंगवासात गांधीजींनाही ताऱ्यांचा छंद जडला आणि त्यांच्यासाठी दुर्बिणीची सोय झाली.

१६/ शिवाय आकाश हा शेतकऱ्याला परका विषय नव्हताच. मृग, आर्द्रा, पुनर्वसू, हस्त ही नक्षत्रे वऱ्हाड-नागपूरच्या शेतकऱ्याच्या तोंडी असतात, कारण पेरणी आणि पाऊस त्यांच्या नावाने मोजला जातो. मृग लागला की लाल मखमली ‘मृगाचा किडा’ ओल्या मातीत दिसतो, हे गुराख्याच्या पोराला ठाऊक असते. शाळा मात्र हे ज्ञान ‘अडाणी’ म्हणून दाराबाहेर ठेवत होती. नई तालीमने ते दार उघडले, हे तिचे मोठे ऐतिहासिक कार्य होय.

१७/ अहवाल तयार करणाऱ्यांचा हिशेब असा होता की उद्योगाचे तीन तास वीस मिनिटे हा देखील निसर्गाचाच तास आहे. वर्धा हा कापसाचा जिल्हा. हिंगणघाटचा कापूस ब्रिटिश काळातही नावाजलेला. सरकी पेरण्यापासून बोंड फुटण्यापर्यंत, वेचणीपासून सूत होईपर्यंत एकाच झाडाचा पाठपुरावा केला तर माती, पाऊस, कीड, भूगोल, गणित आणि इंग्रजांच्या व्यापाराचा इतिहास हे सारे त्या एका धाग्यात येते. याला ते ‘समवाय’ म्हणत : विषय वेगळे न शिकवता कामातून उलगडणे.

१८/ हे केवळ सुतापुरते नव्हते. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ पासून अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम चाले. कुमारप्पांच्या देखरेखीखाली तेथे तेलघाणी, हातकागद, मधमाशीपालन यांचे प्रयोग होत. मधमाशीची पेटी सांभाळणाऱ्याला कोणते फूल कधी फुलते हे ठाऊक असावेच लागते. ज्ञान आणि उपजीविका यांच्यात भिंत नसावी, हा आग्रह येथे प्रत्यक्ष दिसत होता.

१९/ १९४४ मध्ये आणखी एक शांतिनिकेतनी पाऊल सेवाग्रामात पडले. नंदलाल बोस यांच्या कलाभवनात शिकलेले देवी प्रसाद कलाशिक्षक म्हणून आले आणि १९६२ पर्यंत राहिले. मुलांच्या चित्रांवर त्यांनी पुढे महत्त्वाचे पुस्तक लिहिले. निसर्गाभ्यासाच्या दृष्टीने कलाशिक्षकाचे मोल फार असते, कारण पान काढायला बसलेले मूल पहिल्यांदा पानाकडे खरोखर पाहते. शिरा कोठून निघतात, कड दातेरी आहे की सरळ, हे कुंचला विचारतो.

२०/ आता दुसरी बाजू. इतिहास सांगताना ती झाकता येणार नाही. देशभर ‘बुनियादी’ शाळा निघाल्या, पण अनेक ठिकाणी उरली ती फक्त टकळी. शिक्षकाला समवाय साधेना, कापसाचा आणि पावसाचा संबंध उलगडेना. मग मुले तासन्‌तास सूत काढत बसली. शिक्षकाचा पगार मुलांच्या श्रमातून काढण्याच्या कल्पनेवर तर १९३७ मध्येच टीका झाली होती. मुलाच्या कामाचे मोल सुताच्या वजनावर मोजू लागलो, तर तो अर्धा तास आधी नाहीसा होतो.

२१/ गावकऱ्यांचीही तक्रार होती आणि ती रास्त होती. शहरातल्या मुलाच्या हाती पुस्तक आणि आमच्या मुलाच्या हाती टकळी, असे का? ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्याला ‘मातीतच तुझे शिक्षण आहे’ हे ऐकताना जुनीच बेडी नव्याने घातली जात आहे असे वाटणे स्वाभाविक होते. मातीचे शिक्षण सर्वांना दिले तरच ते शिक्षण. फक्त खेड्याला दिले तर ती वाटणी. ही वाटणी मोडण्यात देश अपयशी ठरला.

२२/ १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने श्रमाचे तत्त्व ‘कार्यानुभव’ या नावाने ठेवले, परंतु शिक्षणाचा मध्यबिंदू सरकला होता. कार्यानुभव हा आठवड्यातील एखाद-दुसरा तास झाला. सेवाग्रामची शाळाही पुढे बंद पडली. तेथे शिकलेल्यांत पुढे गडचिरोलीत आरोग्याचे काम उभे करणारे डॉ. अभय बंग हे एक. या शाळेच्या आठवणी त्यांनी मोठ्या जिव्हाळ्याने लिहिल्या आहेत.

२३/ त्याच काळात महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला हा विचार वेगळ्या वाटेने जगला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे काम सुरू केले आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेले. आदिवासी मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, असे दिसल्यावर त्यांनी शाळाच कुरणात नेली. तिचे नाव ‘कुरणशाळा’. मुलाला रानातून वर्गात ओढण्याऐवजी वर्ग रानात गेला.

२४/ विसाव्या शतकाच्या अखेरीस निसर्ग शाळेत परतला, तो कायद्याच्या वाटेने. १९९१ मध्ये एम. सी. मेहता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याचे निर्देश दिले. २००१-०२ पासून केंद्र शासनाच्या राष्ट्रीय हरित सेना योजनेतून शाळाशाळांत इको क्लब निघाले. आज पाचवी ते आठवीच्या मुलांना टेकडीवर किंवा तलावाकाठी नेणारी जी मंडळे आपण पाहतो, त्यांपैकी पुष्कळशी याच काळातली.

२५/ वर्ध्यातही धागा पुन्हा जुळला. २००५ मध्ये सेवाग्रामच्या नई तालीम परिसरात ‘आनंद निकेतन’ ही शाळा सुरू झाली. शेती, स्वयंपाक, सूतकताई आणि परिसर यांतून शिकणे हा तिचा पाया. १९७० मध्ये अभयारण्य झालेले बोर २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाले. २०१८ मध्ये तर वर्धेकरांनी मतदान करून आपला शहरपक्षी निवडला : नीलपंख. दसऱ्याला ज्याचे दर्शन शुभ मानतात, तोच हा पक्षी.

२६/ समजा, आज वर्धा जिल्ह्यातल्या सहावीच्या मुलांना घेऊन बाहेर पडायचे आहे. कोठे जावे? समुद्रपूर तालुक्यात गिरड येथे शेख फरीद यांची टेकडी आहे. तेथे गोल, फळासारखे दगड सापडतात. दंतकथा सांगते की व्यापाऱ्यांनी साधूची थट्टा केली म्हणून त्यांच्याजवळच्या नारळांचे दगड झाले. भूविज्ञान सांगते की ते झिओलाइट खनिजांचे गोळे आहेत आणि दख्खनच्या लाव्हाथरांशी त्यांचे नाते आहे. एक दगड, दोन कथा. मुलांना दोन्ही सांगाव्यात आणि त्यांतला फरक त्यांनाच शोधू द्यावा.

२७/ किंवा धाम नदीकाठी पवनारला जावे. १९३८ मध्ये विनोबा येथे राहायला आले. आश्रमाची जमीन खणताना जुनी शिल्पे निघाली. त्यांत राम-भरत भेटीचे शिल्प प्रसिद्ध आहे. वा. वि. मिराशी यांनी पवनार हीच वाकाटकांची राजधानी प्रवरपूर असे मत मांडले, जरी ते सर्वमान्य नाही. १९६७ मध्ये नागपूर विद्यापीठाने येथे उत्खनन केले. शेतासाठी चालवलेल्या कुदळीला इतिहास लागला! मातीत हात घातल्याशिवाय इतिहासही कळत नाही, याचे याहून सुंदर उदाहरण कोणते?

२८/ मग आजचे निसर्गमंडळ आणि १९३७ चा अर्धा तास यांत अंतर कोणते? आजचे मंडळ रविवारी भरते, शुल्क असते, दुर्बीण असते, आणि बहुधा शहरातली मुले ‘निसर्गात जातात’. गुराख्याचे पोर त्या मंडळाचे सदस्य नसते. ते फार तर वाट दाखवते. १९३७ च्या आराखड्यात तेच पोर विद्यार्थी होते आणि त्याला येत असलेली झाडा-पाखरांची नावे हा अभ्यासक्रमाचा पहिला धडा होता.

२९/ वर्धा योजना यशस्वी झाली असे म्हणता येणार नाही. तिचे दोष खरे होते आणि ते मान्य केले पाहिजेत. परंतु तिने विचारलेला प्रश्न अजून निकालात निघालेला नाही : बारा वर्षांच्या मुलाला आपल्या अंगणातल्या दहा झाडांची नावे येत नसतील, तर त्याच्या इतर शिक्षणाला अर्थ काय? आणि ती नावे ज्याला येतात, त्याला आपण अशिक्षित का म्हणतो?

३०/ पुढच्या वेळी सेवाग्रामला गेलात, तर बापूकुटीबरोबर तो पिंजराही नीट पाहा. बाहेर पडल्यावर एक वही काढा आणि दिसतील त्या झाडांची नावे लिहा. न येणारे नाव जवळच्या शेतात काम करणाऱ्या काकांना किंवा मावशींना विचारा. निसर्गाचा तो अर्धा तास आपल्या आयुष्यात पुन्हा सुरू करण्यासाठी यापेक्षा अधिक काही लागत नाही.

(धागा समाप्त. तुमच्या गावातल्या एखाद्या झाडाचे, पक्ष्याचे किंवा किड्याचे खास स्थानिक नाव ठाऊक असेल तर खाली अवश्य लिहा. ती यादी हाच या धाग्याचा पुढचा भाग असेल.)